घड्याळवाल्यांची गल्ली सोडून

शनिवार, ६ जानेवारी

फोटोग्राफीच्या वर्गात आज सरांनी शेवटचं काम दिलं. प्रत्येकानं शहराचा एक जुना भाग निवडायचा, दर रविवारी तिथं पायी फिरायचं, आणि मार्चमध्ये बारा फोटो मांडायचे. वर्गात आम्ही नऊजण, त्यात वयानं मी सगळ्यांत मोठी. सर माझ्या मुलाच्या वयाचे असतील, मला मुलगा असता तर.

मी म्हटलं, नदीपलीकडची गोदामं घेते. घरी येऊन वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, "गोदामांत काय बघायचंय, उंदीर? वेशीच्या आतलं जुनं शहर घे की. जन्म तिथला तुझा. गल्ली न् गल्ली पाठ आहे तुला."

"पाठ आहे म्हणूनच नको."

"मी येते बरोबर," म्हणाल्या. एका जिन्याला चारदा थांबणारी ही बाई! मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

हे गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. वन्सं ह्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेला, लेकीचं लग्न झालं, मग भावाकडे राहायला आल्या त्या कायमच्या. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटतं, कारण स्वयंपाकाचा कंटाळा दोघींनाही सारखाच.

जुनं शहर तर जुनं शहर. सात गल्ल्या आहेत. भूमापन कार्यालयात छत्तीस वर्षं नकाशे काढले, त्यात हाच सगळ्यांत किचकट होता. बारा फोटोंना सहा गल्ल्या पुरेत. घड्याळवाल्यांच्या गल्लीत तसंही ऊन पोचत नाही.

रविवार, १४ जानेवारी

सकाळी साडेसातला वेशीतून आत. पुस्तक बांधणाऱ्यांची गल्ली केली. दारांवरचा जुना हिरवा रंग, खाली त्याहून जुना निळा. एका दारासमोर पाऊण तास उभी होते, कारण माणसं येत-जात होती आणि मला चौकट मोकळी हवी होती. वन्सं कॅमेऱ्याचा स्टँड काखेत धरून पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, माणसं राहतात म्हणून दार आहे. नाहीतर भिंत असती."

एक म्हातारे बाइंडर बाहेर आले. सरसाचे हात, पुसायला फडकं. माझ्याकडे टक लावून बघत म्हणाले, "तुम्ही पुढच्या गल्लीतल्या घड्याळवाल्यांच्या कोण? तोंडवळा तोच."

"कुणी नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात वन्संच्या हातून स्टँड पडला. बोल्ट सैल झालाय. उद्या दुरुस्त करायला हवा.

मंगळवार, १६ जानेवारी

त्या बाइंडरांमुळे दोन दिवस डोकं जाग्यावर नाही. इथं लिहून टाकते, म्हणजे मोकळी होईन.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. वडलांनंतर घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यानं चालवलं, मला शिकवलं, लग्न लावून दिलं, स्वतः केलं नाही. मला 'फूटपट्टी' म्हणायचा, कारण मी पाचवीत असताना घरातली प्रत्येक वस्तू मोजून वहीत लिहायचे. आई त्याच्याकडेच, दुकानाच्या वरच्या खोलीत.

अकरा वर्षांपूर्वी माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात आई गेली. मला कळलं नवव्या दिवशी. ह्यांनी उशाशी बसून सांगितलं, "तुझ्या दादानं आत्ता कळवलं." आत्ता! सगळं उरकल्यावर! माझी आई होती ती, आणि मला तिचं तोंड दिसलं नाही. अंथरुणातूनच मी दोन ओळींचं पत्र लिहिलं: माझी आई गेली आणि तू नवव्या दिवशी कळवलंस. माझ्यापुरता तूही गेलास.

उत्तर आलं नाही. चूक नसेल तर माणूस उत्तर देतो.

तेव्हा मला सांभाळलं ते ह्यांनी आणि वन्संनी. हे विसरता येत नाही.

रविवार, २१ जानेवारी

कुलूपवाल्यांची गल्ली निम्मी झाली. बॅटरी संपली म्हणून परतलो. वन्सं म्हणाल्या, "पिशवीत दुसरी आहे ना?" आहे, पण थंडीत लवकर उतरते. फुकट कशाला घालवायची.

शनिवार, २७ जानेवारी

सरांनी फोटो बघितले. रेषा सरळ, उजेड छान, सगळं जिथल्या तिथं. मग म्हणाले, "पण माणसं कुठायत? एवढ्या गजबजलेल्या भागात तुम्हाला एकही माणूस भेटत नाही?"

नकाशातही माणसं नसतात, मी म्हटलं. सगळे हसले. सर नाही हसले. ज्यांनी हसावं तेच आजकाल माझ्या विनोदांना हसत नाहीत.

रविवार, २८ जानेवारी

आज वन्संचा फार राग आला. आरशेवाल्यांच्या गल्लीतून बाहेर पडताना "इकडून जवळ पडतं" म्हणत त्या पुढं झाल्या, आणि बघते तर आम्ही घड्याळवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. मी म्हटलं, "वन्सं, मला रस्ता शिकवू नका." मागं वळले, तोच हाक आली.

शेजारच्या दुकानातला शिंपी. मी लग्न होऊन गेले तेव्हा तो नुकताच मशिनीवर बसायला लागला होता. आता केस पिकलेत, गळ्यात टेप तशीच. धावत आला, म्हणाला, "ताई, आलात! बरं झालं. कुणी कळवलं?"

"काय कळवलं?"

त्यानं आधी वन्संकडे बघितलं, मग माझ्याकडे. दादाला पाच महिन्यांपूर्वी झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शिंपी आणि त्याची बायको जेवणखाण बघतात. दुकान बंद आहे. "मी फोन करणार होतो तुम्हाला. त्यांनीच हात हलवून नको म्हटलं. बोलता यायचं तेव्हा तुमचं नाव काढलं ना, तर म्हणायचे, ती नकाशे काढणारी, तिला रस्ता कशाला सांगायचा, येईल तेव्हा येईल."

मी म्हटलं, आज घाई आहे. पुढच्या रविवारी बघते.

घाई कसली होती, हे आता लिहिताना आठवत नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी

कुलूपवाल्यांची गल्ली पूर्ण केली. एकाच कडीचे चाळीस फोटो काढले. वन्सं पायरीवर बसून होत्या. घरी आल्यावर फक्त म्हणाल्या, "कडी आतून लावलेली असली ना, की बाहेरून कितीही फोटो काढ."

म्हणी करण्याची हौस फार.

रविवार, ११ फेब्रुवारी

गेले.

दादाच्या दारात वन्संनी माझा हात धरला होता, की मी त्यांचा, कुणास ठाऊक. जिना तोच, अकरा पायऱ्या, सातवी वाजते. दादा खाटेवर, पाठीशी दोन उशा. निम्मा झालाय. दाढी शिंपी करतो म्हणे, ती मात्र नीट होती. मला बघितलं आणि तोंडाचा डावा कोपरा वर गेला. मग डोळ्यांतून पाणी. मला काही रडू आलं नाही. मी खोलीच मोजत होते. दहा बाय बारा. लहानपणी केवढी वाटायची.

त्याला एकच शब्द येतो: "उद्या." कशालाही उद्या. पाणी हवं तरी उद्या, खिडकी लावू का तरी उद्या. शिंपी म्हणाला, "जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगितलं ना! बाकी सगळं गेलं, तेवढं राहिलं." हे ऐकून दादाच हसला. मग आम्ही सगळेच हसलो, आणि त्या हसण्यात अकरा वर्षांचं काहीतरी सैल झालं, हे नाकबूल करून चालायचं नाही.

वन्सं म्हणाल्या, "एक फोटो काढ की त्यांचा. गळ्यात एवढा कॅमेरा आहे."

"या अवतारात? जरा अंगावर मांस येऊ दे, मग काढीन."

निघताना म्हटलं, "दादा, पुढच्या रविवारी येते."

"उद्या," तो म्हणाला.

म्हटलं, हो हो, उद्या.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

मनात एकच येतंय. माया आली ती आली, पण प्रश्न तसाच आहे. त्याला एकदा विचारायलाच हवं. बोलता येत नसलं तरी ऐकू येतं त्याला, मानेनं हो-नाही करता येतं. प्रश्न असाच राहिला तर माझ्या मनातली ही अढी कधीच जाणार नाही.

वन्संना सांगितलं. म्हणाल्या, "आजारी माणसाला कशाला छळतेस?" मी म्हटलं, मी छळत नाही, विचारतेय. रात्री जेवल्या नाहीत. पोट बिघडलंय म्हणाल्या.

रविवार, १८ फेब्रुवारी

वन्सं येणार नव्हत्या, पण ऐन वेळी चपला घालून आल्या.

दादाला भरवून झालं. मग मी खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारलं, "दादा, आई जायच्या आधी मला का कळवलं नाहीस?"

त्यानं डोळे मिटले, उघडले. मग डावा हात उशीखाली घालून मोबाइल काढला आणि तो खाटेच्या कडेवर आपटायला लागला. एकदा, दोनदा, सारखा. शिंपी म्हणाला, "कुणाला फोन लावायचाय का?" एकेक नाव विचारलं, वीजवाला, डॉक्टर. सगळ्याला मान नाही. मोबाइल माझ्यापुढं धरायचा आणि मान वळवून वन्संकडे बघायचा. वन्संना त्यानं ओळखलं नसावं, अनोळखी माणसाकडे बघावं तसा सारखा त्यांच्याकडेच बघत होता. त्या उठून बाहेर गेल्या. जिन्याची सातवी पायरी वाजली.

मग दादानं मोबाइल खाली ठेवला. दमला होता. मी म्हटलं, "राहू दे. आपण उगाच विषय काढला." त्यानं माझ्या मनगटाला धरलं. हाताला अजून जोर आहे.

म्हणजे उत्तर नाहीच मिळालं. डोक्याचा काही भाग गेलाय, त्याला प्रश्नच कळला नसेल.

वन्सं खाली शिंप्याच्या दुकानात बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. रक्तदाब तपासून घ्यायला हवा त्यांचा.

मंगळवार, २० फेब्रुवारी

दुपारी जेवण झाल्यावर वन्संनी मला ताटं उचलू दिली नाहीत. "बस," म्हणाल्या. शब्दाला शब्द आठवतोय, तसा लिहिते.

"तुझ्या दादांनी फोन केला होता. आई गेली त्याच्या आदल्या सकाळी. म्हणाले, आईचं काही खरं नाही, सारखं तिचंच नाव घेतेय, तिला घेऊन या. तो फोन मी घेतला."

मी पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं.

"तुला ऑपरेशनला चौथा दिवस. अंगात ताप, डॉक्टरांनी हलायला बंदी केलेली. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, हिला आत्ता काही सांगायचं नाही. मी दादांना सांगितलं, ती येऊ शकत नाही. एवढंच. ऑपरेशनचंही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आई गेल्याचा फोन, तोही मीच घेतला. मग टाके निघेपर्यंत थांबू, ताप उतरू दे, असं करत नववा दिवस आला. तेव्हा तो तुला म्हणाला, दादानं आत्ता कळवलं. मी दारात उभी होते. माझी जीभ उचलली नाही."

"आणि नंतर?"

"तुझं पत्र मिळाल्यावर ते इथं आले होते. तू ड्रेसिंगला दवाखान्यात गेली होतीस. मी त्यांना जिन्यातच गाठलं. हात जोडले. सगळं सांगितलं, आणि म्हटलं, तिला बोलू नका, ती माझ्या भावाचं तोंड बघणार नाही, घर मोडेल. त्यांनी कठड्याला धरलं. मग म्हणाले, 'सुखात आहे ना ती?' मी म्हटलं, आहे. 'मग राहू दे,' म्हणाले, आणि गेले."

परवा दादा मोबाइल धरून वन्संकडे का बघत होता, ते मला आत्ता कळतंय. परवानगी मागत होता. वाचा गेली तरी दिलेला शब्द तेवढा गेला नव्हता.

मी विचारलं, "हे गेल्यावर तरी सांगायचं. दोन वर्षं झाली."

"तू रोज सकाळी त्याच्या फोटोपुढं चहा घेऊन बसतेस. मी कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, तुला तिथवर घेऊन जावं, मग तुमचं तुम्ही बोलाल. मला काय माहीत, त्यांचं बोलणंच गेलंय."

मी माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

बुधवार, २१ फेब्रुवारी

बाहेर पडले नाही. वन्संनी दोनदा दार वाजवलं. मग खोलीतला मोबाइल वाजला, त्याच असणार, म्हणून बंदच करून टाकला. ह्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

एकतीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर, त्यातली शेवटची नऊ त्या खोट्यावर. रात्री पाय चेपायचा माझे. ते खरं होतं का?

गुरुवार, २२ फेब्रुवारी

दादाकडे जायला हवं. पण या डोळ्यांनी, या संतापात नको. आधी शांत होते, मग रविवारी जाऊन त्याला नीट सांगेन, की दादा, मला निरोप मिळाला नव्हता, आणि आता मला सगळं माहीत आहे. त्याचा हात धरून सांगेन. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलंय.

शनिवार, २४ फेब्रुवारी

आज दुपारी मोबाइल चालू केला. शिंप्याचे अकरा फोन. काल सकाळपासून. दादाला पुन्हा झटका आला होता. काल दुपारी तीनच्या सुमारास गेला.

माझी वाट बघत त्याला रात्रभर ठेवलं होतं; मी पोचले तोवर न्यायची तयारी झाली होती. शिंपी म्हणाला, "ताई, शुद्धीत होते हो शेवटपर्यंत. दाराकडे बघत होते." बिचाऱ्याला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी सगळं सांगितलं. लोक होते, तरी सांगितलं.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

हिशेब करायचाच तर तो असा. आईच्या वेळी मला कळवलं नाही ते त्यांनी. दादाच्या वेळी मोबाइल बंद ठेवला तो मी. आणि मधल्या अकरा वर्षांत मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. घरापासून वेशीपर्यंत चालत पस्तीस मिनिटं लागतात.

शिंप्यानं दादाचा फोटो मागितला, दुकानात लावायला. म्हणाला, "तुमच्याकडे असेलच, इतके रविवार कॅमेरा घेऊन फिरत होतात." घरी येऊन सगळं उघडून बसले. अकराशे चाळीस फोटो. कड्या, उंबरे, खिडक्या, गंजलेल्या पाट्या. दादाचा एकही नाही. शेवटी शिंप्याच्या बायकोच्या मोबाइलमध्ये एक सापडला. हललेला आहे. दादा तिच्या नातीचं खेळण्यातलं घड्याळ कानाशी धरून ऐकतोय, भुवया वर करून. चालू आहे की नाही ते बघतोय. मी लाख वर्षं चौकट लावत बसले असते तरी मला तो मिळाला नसता.

शनिवार, २ मार्च

सरांना सांगितलं, मी बारा फोटो मांडणार नाही. एकच मांडीन, आणि तो मी काढलेला नाही. त्यांनी बराच वेळ तो बघितला. म्हणाले, "चालेल."

बुधवार, ६ मार्च

वन्सं लेकीकडे चालल्यात, परगावी, कायमच्या. शनिवारची दहाची बस आहे. मला विचारलं नाही, सांगितलं. दारात उभ्या राहून. वीस तारखेपासून आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारख्या राहतोय. त्या चहा करून झाकून ठेवतात, मी तो गार झाल्यावर पिते.

जाऊ देत. शनिवारी खोलीतून बाहेर यायचंच नाही, असं ठरवलंय.

शनिवार, ९ मार्च

आठलाच जाग आली, आणि एकदम भीती वाटली, की त्या निघून गेल्या असतील. तशीच उठून बाहेर आले. वन्सं बॅगेवर बसून चपलेचा पट्टा लावत होत्या. गुडघा वाकत नव्हता. मी खाली बसून पट्टा लावला.

बॅग मी घेतली. जिन्यात त्या चारदा थांबल्या, मीही चारदा थांबले. स्टँडवर बस लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली त्यांना. काच अर्धीच सरकत होती. त्यातून हात बाहेर काढून म्हणाल्या, "माझं तोंडसुद्धा बघू नयेस, असं वागले मी."

"हो," मी म्हटलं. "तसंच वागलात."

त्यांनी हात आत घ्यायला सुरुवात केली, तो मी धरला. दादाच्या हातासारखा हलका नव्हता, चांगला जाड, कामाचा हात. मला आधी खूप काही बोलायचं होतं. कंडक्टरनं घंटी मारली, आणि त्यातलं काहीच आठवेना.

"पोचलात की फोन करा," मी म्हणाले. "मीच उचलेन."

त्यांना रडू फुटलं. बस सुटली.

घरी आले. ताटं घासली, त्यांची खोली झाडली, मोबाइल पदराला गाठ मारल्यासारखा दिवसभर जवळ बाळगला. दुपारी झोपले नाही.

सव्वापाचला फोन वाजला. पहिल्याच घंटीला उचलला.